‘नंतर बघू’ची किंमत

नव्या घराचे अंदाजपत्रक पहिल्यांदा हाती येते, तेव्हा त्याच्या नीटनेटकेपणाचीच आधी भुरळ पडते. खोदाई, पाया, जोते, कॉलम-बीम, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या, नळकाम, वीजकाम, रंग अशा ओळीने मांडलेल्या बाबी, प्रत्येकीसमोर परिमाण, दर आणि रक्कम, आणि तळाशी शेवटच्या अंकापर्यंत जुळवलेली बेरीज. एवढा काटेकोर आकडा चुकेल तरी कसा, असे वाटते. आमच्या घराचे अंदाजपत्रक मी अनेकदा वाचले आणि पुढे बांधकाम चालू असताना प्रत्यक्ष खर्चाच्या वहीशी ते ताडून पाहत राहिलो. सिमेंट, सळई, विटा यांसारख्या मोजून मांडलेल्या बाबींत फरक पडला तो मामुली होता. मोठा फरक पडला तो ज्या ओळींसमोर ‘एकरकमी’, ‘अंदाजे’ किंवा ‘निवडीनुसार’ असे शब्द होते त्या ओळींत. तिथे रक्कम लिहिलेली होती, पण निर्णय झालेलाच नव्हता.

त्यामुळे अंदाजपत्रकाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. कोणी आपले अंदाजपत्रक दाखवायला आणले, तर मी बेरीज शेवटी पाहतो. आधी शिसपेन्सिलीने त्या अनिश्चित ओळींखाली रेघा मारतो. ‘आधुनिक पद्धतीचे स्वयंपाकघर’ म्हणजे नेमके काय? ओट्याची लांबी किती, वरची कपाटे यात धरली आहेत की नाहीत, भिंतीला लाद्या कुठल्या उंचीपर्यंत लावायच्या? ‘आवश्यक तेवढे वीजबिंदू’ कोणी ठरवले आणि कुठे ठरवले? अशा ओळींची संख्या जितकी जास्त, तितकी तळाची बेरीज केवळ शोभेची.

दर चौरस फुटाचा भाव हा या अनिश्चिततेचा सर्वांत लोकप्रिय अवतार आहे. विचारायला सोपा आणि सांगायलाही सोपा असतो. त्याचमुळे दोन कंत्राटदारांच्या भावांची तुलना करून आपण व्यवहारचतुर असल्याचे समाधानही मिळते. पण एकाच्या भावात कुंपणाची भिंत, पाण्याच्या टाक्या, मलनिःसारण आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग धरलेले असते, तर दुसऱ्याच्या भावात यातले काहीच नसते. एक जण चौरस फूट मोजताना भिंतींच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे क्षेत्र धरतो, दुसरा छज्जे आणि जिनाही त्यात मिळवतो. कुठलेही क्षेत्र आणि कुठलीही यादी यांना जोडलेला नसेल, तर तो भाव म्हणजे निव्वळ एक सुटा आकडा असतो. नकाशा पक्का होण्याआधी भाव विचारणे म्हणजे माप न देता कपडे शिवायला टाकण्यासारखे आहे.

अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतली ही दरी काही आजची नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुविद विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागाच्या आरंभी इफिसस या ग्रीक नगरातल्या एका जुन्या कायद्याची हकीकत दिली आहे. तिथे सार्वजनिक इमारतीचे काम हाती घेणाऱ्या वास्तुविदाला खर्चाचा अंदाज आधी जाहीर करावा लागे आणि काम पूर्ण होईपर्यंत त्याची मालमत्ता तारण म्हणून ठेवून घेतली जाई. काम अंदाजाबरहुकूम झाले, तर त्याचा सन्मान होई. जादा खर्च अंदाजाच्या एक चतुर्थांशापर्यंत असला, तर तो सरकारी तिजोरीतून भागवला जाई. त्यापुढे गेला, तर उरलेली रक्कम वास्तुविदाच्या मालमत्तेतून वसूल होई. असा कायदा रोममध्येही असावा आणि तो खासगी इमारतींनाही लागू व्हावा, अशी इच्छा विट्रुव्हियसने व्यक्त केली आहे. या हकीकतीतली शिक्षा लक्षवेधी आहे खरी, पण मला अधिक मोलाची वाटते ती चतुर्थांशाची सवलत. खर्च काही प्रमाणात वाढणारच, हे त्या कडक कायद्यानेही गृहीत धरले होते.

तो किती वाढू शकतो याचे विसाव्या शतकातले सर्वपरिचित उदाहरण सिडनीच्या ऑपेरा हाउसचे आहे. 1957 साली त्याचा अंदाजित खर्च 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि पूर्ण होण्याचा काळ 1963 चा आरंभ असा धरला होता. प्रत्यक्षात ते 1973 साली पूर्ण झाले आणि खर्च 10 कोटी 20 लाख डॉलरांवर गेला. या उदाहरणातून ‘मोठ्या प्रकल्पांत असेच होते’ एवढाच बोध घेतला जातो, पण घर बांधणाऱ्याने पाहण्यासारखा तपशील वेगळाच आहे. छताच्या त्या प्रसिद्ध कवचांची रचना नेमकी कशी उभी राहणार हे सुटलेले नसतानाच 1959 साली चौथऱ्याचे काम सुरू करण्यात आले. पुढे छताचा आराखडा ठरला, तेव्हा चौथऱ्यातले खांब त्याचा भार पेलण्यास अपुरे असल्याचे दिसले आणि ते नव्याने करावे लागले. खांब बांधताना गवंडीकाम वाईट झाले होते असे नाही. वर काय येणार हे न ठरवता खालचे काम उरकले गेले होते, इतकेच.

साध्या घरात हाच प्रसंग लहान आकारात रोज घडतो. भविष्यात वरचा मजला चढवायचा आहे की नाही, हा प्रश्न बहुतेक घरांत ‘तेव्हाचे तेव्हा’ म्हणून सोडून दिला जातो. मजला तेव्हा बांधता येईल हे खरे, पण त्याचा भार पायाला आणि कॉलमला आजच ठाऊक असावा लागतो. म्हणून काम पुढे ढकलणे आणि निर्णय पुढे ढकलणे या दोन गोष्टींत मी काटेकोर भेद करतो. पैसे अपुरे असतील, तर वरचा मजला, भिंतीतली कपाटे, खोट्या छताची सजावट, बागेची आखणी ही कामे खुशाल पुढे ढकलावीत; त्यात शहाणपणच आहे. मात्र ती कधीतरी करायची आहेत काय, केली तर कुठे आणि कशी, हे आजच ठरवावे. पुढे लागणाऱ्या तारेसाठी भिंतीत आज एक रिकामी नळी टाकून ठेवायला जवळजवळ काहीच लागत नाही. तीच नळी रंगवलेली भिंत फोडून टाकायची झाली, तर गवंडी, वीजकामगार आणि रंगारी अशा तिघांची मजुरी द्यावी लागते, आणि भिंतीवरचे ठिगळ कायमचे दिसत राहते ते वेगळेच.

आमच्या कंत्राटदाराचे आवडते वाक्य होते, “साहेब, ते नंतर बघू.” त्यात लबाडी मुळीच नव्हती, कामाचा ओघ थांबू नये एवढाच त्याचा हेतू असे. आमच्या वास्तुरचनाकार बाई मात्र हे वाक्य ऐकले की वही उघडत आणि विचारत, “नंतर म्हणजे स्लॅबच्या आधी की स्लॅबनंतर?” या एका प्रश्नाने कितीतरी गोष्टी तिथल्या तिथे निकालात निघाल्या. स्लॅबमधून खाली उतरणारे पाइप, पंख्यांचे हूक, दिव्यांच्या जागा हे सर्व काँक्रीट ओतण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. त्या दिवसानंतर ‘बघण्या’साठी हातात छिन्नी घ्यावी लागते.

खर्चावर सर्वाधिक परिणाम करणारा निर्णय तर त्याही आधीचा असतो, आणि तो म्हणजे घराचा आकार. येथे आकार म्हणजे मोठेपणा आणि घडण असे दोन्ही अर्थ मला अभिप्रेत आहेत. खर्च आवाक्याबाहेर गेला की पहिली कात्री लाद्या, नळ, दारांची कडी-कोयंडे यांना लागते, कारण ती यादी डोळ्यांसमोर असते. खरी बचत मात्र एखादी अनावश्यक खोली नकाशावरच पुसून टाकण्यात आहे. कारण त्या खोलीबरोबर तिचा पाया, भिंती, छत, फरशी, खिडकी, रंग आणि पुढच्या सगळ्या वर्षांची झाडलोट हेही जाते. घडणीचेही तसेच. 10 मीटर बाय 10 मीटरच्या चौरस घराचे क्षेत्रफळ 100 चौरस मीटर असते आणि बाहेरच्या भिंतींची एकूण लांबी 40 मीटर. तेवढ्याच क्षेत्रफळाचे घर 5 मीटर बाय 20 मीटर असे लांबट केले, तर भिंतींची लांबी 50 मीटर होते. म्हणजे एक चौरस मीटरही जागा न वाढता बाहेरची भिंत, तिचा गिलावा, तिचा रंग आणि तिच्याखालचा पाया हे सगळे सव्वापट. त्याहून गमतीची गोष्ट कोपऱ्यांची आहे. त्या चौरस घराचा एक कोपरा 3 मीटर बाय 3 मीटर इतका आत घेतला, तर वापराची जागा 9 चौरस मीटरने घटते, पण भिंतींची लांबी 40 मीटरच राहते. जागा कमी केली म्हणून खर्चही त्याच प्रमाणात उतरेल, अशी आशा तेथे फोल ठरते. दर्शनी भागाला ‘उठाव’ यावा म्हणून केलेल्या प्रत्येक खाचाखोचेची किंमत ही अशी गुपचूप वसूल होते. कोपरे नसावेत असे माझे म्हणणे नाही. प्रकाशासाठी, वाऱ्यासाठी, एखाद्या जुन्या झाडासाठी घर आत वळले तर ते सुंदरच दिसते. फक्त ते कशासाठी वळले, याचे उत्तर आपल्यापाशी असावे.

भिंतीही जागा खातात, हे नकाशावर चटकन लक्षात येत नाही. आतून 3 मीटर बाय 4 मीटर असलेल्या एकट्या खोलीला चारही बाजूंनी 23 सेंटिमीटर जाडीची भिंत घातली, तर आतले 12 चौरस मीटर बाहेरून साधारण साडेपंधरा होतात. खोल्या जितक्या लहान आणि जितक्या जास्त, तितका हा हिस्सा वाढतो. राहायला मिळणारे क्षेत्र आणि पैसे मोजायचे क्षेत्र यांतली ही तफावत नकाशाच्या टप्प्यावर समजली, तर दोन चिंचोळ्या खोल्यांच्या जागी एक ऐसपैस खोली करण्याचा विचार तरी होतो.

आमच्याकडे पाहुण्यांसाठी वेगळी खोली हवी, यावर घरात एकमत होते. बाईंनी विरोध केला नाही. त्यांनी घरातल्या प्रत्येकाला आपल्या एका साध्या दिवसाचे वेळापत्रक लिहायला सांगितले: कोण कुठे बसून काय करते, कोणाला शांतता लागते, कोणाला उजेड लागतो, कपडे कुठे वाळतात, सायकल कुठे उभी राहते. सोबत असलेल्या सामानाची मापांसह यादी मागितली. तो कागद भरताना पाहुण्यांची खोली कोणाच्याही दिवसात येईना. मात्र वाचायला आणि लिहायला बसण्याची जागा तिघांच्या दिवसात आली. मग वाचनाच्या खोलीतच एक पलंग ठेवण्याचे ठरले. मला वाटते, अंदाजपत्रकाची सुरुवात दरपत्रकापासून न होता अशा कागदापासून व्हावी. आपण कसे राहतो याची नोंद आधी, आपल्याला कसे दिसायचे आहे याची नंतर.

दिसण्याचा मोह मात्र बलवान असतो. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने 1957 साली एका काल्पनिक समितीचे वर्णन केले होते. ती समिती अणुभट्टीचा प्रचंड खर्च काही मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवण्याच्या छपरावर मात्र बराच वेळ वाद घालते, कारण अणुभट्टी कोणालाच कळत नसते आणि छप्पर सर्वांनाच कळते. घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबात ही समिती बसते. माती परीक्षणाचा अहवाल कोणी वाचत नाही, पण न्हाणीघराच्या लाद्यांच्या छटेवर आठवडे जातात. (छटेवर बोलणाऱ्यांत मीही हिरिरीने होतो, कारण ते बोलणे फार आनंदाचे असते.) खर्चाच्या दृष्टीने मात्र निकष सरळ आहे: जे पुढे बदलता येत नाही किंवा बदलायचे तर घर उसवावे लागते, त्यावर आधी पैसे ठेवावेत. पाया, काँक्रीट, सळई, भिंतीतल्या तारा आणि पाइप, ओल्या जागांचे वॉटरप्रूफिंग हे या वर्गात मोडतात. रंग, दिवे, नळाच्या तोट्या, पडदे, कपाटांची दारे ही पुढे हव्या त्या वेळी बदलता येतात. फरशी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि बहुधा त्यामुळेच तिच्यावर सर्वांत जास्त भांडणे होतात.

न दिसणाऱ्या गोष्टींत तर अशाही काही आहेत, ज्या महाग नसतात आणि म्हणून अंदाजपत्रकात त्यांना ओळच मिळत नाही. काँक्रीट कालवताना ते सहज पसरावे म्हणून जास्तीचे पाणी ओतले जाते. सिमेंटच्या तुलनेत पाण्याचे प्रमाण वाढले की काँक्रीटची ताकद उतरते, हे डफ अब्राम्स या अमेरिकन संशोधकाने 1918 साली मांडले आणि आजही मिश्रणाचा हिशेब त्याच पायावर होतो. म्हणजे बांधकामावरची सर्वांत स्वस्त वस्तू प्रमाणाबाहेर वापरली, तर सर्वांत महाग वस्तू वाया जाते. ओतलेल्या काँक्रीटवर पुढे पाणी मारण्याचे त्याच्या नेमके उलट आहे. साध्या सिमेंटचे काँक्रीट 7 दिवसांत आपल्या अपेक्षित ताकदीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत पोहोचते आणि ही ताकद 28 दिवसांनंतरची धरली जाते. या काळात ते ओले राहिले नाही, तर चांगल्या मालाचा पैसाही फुकट जातो. या कामासाठी एक माणूस, त्याची मजुरी आणि पाण्याची सोय हे अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहावे. लिहिलेले नसेल, तर ते कोणाचेच काम नसते.

आता राखीव रकमेविषयी. अंदाजाच्या 10 ते 15 टक्के रक्कम बाजूला ठेवावी, हा सर्वसाधारण सल्ला बरोबर आहे. अडचण अशी की ती रक्कम बाजूला आहे हे सर्वांना माहीत झाले की ती बाजूला राहत नाही. लाद्यांच्या दुकानात ‘आहेत की राखीव’ असे कोणीतरी हळूच म्हणते. राखीव रक्कम निसर्गासाठी आणि अज्ञातासाठी असते: खोदताना लागलेला खडक किंवा अनपेक्षित भुसभुशीत थर, अचानक चढलेले सळईचे भाव, लांबलेला पाऊस. आवडीसाठी स्वतंत्र रक्कम हवी आणि ती स्वतंत्र ओळीत, आकड्यानिशी लिहिलेली हवी. दोन्ही एकाच पिशवीत ठेवल्या, तर आवड आधी खर्च होते आणि खडक नंतर लागतो.

माणसाला वाईटातले वाईट काय घडेल याची नीट कल्पनाच करता येत नाही, असे मानसशास्त्रही सांगते. डॅनिएल कानेमन आणि अ‍ॅमॉस ट्वर्स्की यांनी 1979 साली नियोजनातल्या या भ्रमाची मांडणी केली. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो सरासरी 34 दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले. सगळेच बिनसले तर किती लागतील, याचे त्यांचे उत्तर साधारण 49 दिवस होते. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवस उलटून गेले. म्हणजे वाईटातला वाईट अंदाजही आशावादीच निघाला. यावर कानेमन यांनी सुचवलेला उपाय घर बांधणाऱ्याला सहज करता येण्यासारखा आहे. आपले काम आतून न्याहाळत बसण्याऐवजी तशीच कामे इतरांची कशी झाली हे विचारावे. नुकतेच घर बांधलेल्या चार-पाच जणांना ‘घर कसे झाले’ हे न विचारता ‘पहिला आकडा काय होता, शेवटचा काय झाला, आणि मधला फरक कुठल्या ओळीत पडला’ असे विचारले, तर लोक मोकळेपणाने सांगतात. घराचे कौतुक ऐकायला येणारे पुष्कळ असतात. हिशेब विचारणारा कोणी भेटला, तर त्यांनाही बरे वाटते.

वेळेचा खर्च हा अंदाजपत्रकाच्या चौकटीत कुठेच दिसत नाही. बांधकाम लांबते तोवर जुन्या जागेचे भाडे आणि कर्जाच्या उचललेल्या रकमेवरचे व्याज असे दुहेरी ओझे चालू राहते. म्हणून कर्ज टप्प्याटप्प्याने, कामाच्या गतीनुसार उचलणे आणि महिनावार रोख पैशांचा तक्ता वेगळा करणे आवश्यक आहे. एकूण रक्कम पुरेशी असूनही स्लॅबच्या आठवड्यात हाताशी पैसे नसले, तर काम थांबते, आणि थांबलेल्या कामावरून पांगलेली माणसे पुन्हा गोळा करणे अवघड असते. कर्जाबाबत आणखी एक आकडा मी डोळ्यांसमोर ठेवत असे. दरसाल 9 टक्के दराने 20 वर्षांसाठी घेतलेले कर्ज समान मासिक हप्त्यांनी फेडले, तर एकूण परतफेड मुद्दलाच्या सुमारे 2.16 पट होते. दुकानात उभे राहून ‘थोडेच तर जास्त आहेत’ असे म्हणत निवडलेल्या वस्तूचा भाव कर्जातून जात असेल, तर तिच्या चिठ्ठीवरचा आकडा मनातल्या मनात दुपटीहून थोडा अधिक करून पाहावा आणि मगच हो म्हणावे.

वाढीव कामाचा नियम आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवून घेतला होता: नकाशाबाहेरचे कोणतेही काम तोंडी सांगायचे नाही. काय करायचे, किती खर्च येईल आणि किती दिवस वाढतील, हे तिन्ही वहीत लिहून, घरमालक आणि कंत्राटदार दोघांची सही झाल्याखेरीज हात लावायचा नाही. या नियमाचा खरा उपयोग भांडण टाळण्यापेक्षाही उत्साह थंड होण्यासाठी झाला. बांधकामावर फेरफटका मारताना सुचलेल्या कितीतरी कल्पना वहीपर्यंत पोहोचेपर्यंत स्वतःहून मागे पडल्या. ज्या लिहिल्यावरही हव्याशा वाटल्या, त्या केल्या आणि त्यांच्याविषयी आजही समाधान आहे. हप्तेही तारखेशी न बांधता झालेल्या, मोजलेल्या कामाशी बांधले होते: जोत्यापर्यंत इतके, स्लॅब झाल्यावर इतके, गिलाव्यानंतर इतके. कंत्राटदाराला यात अविश्वास वाटला नाही, कारण काम मोजून झाले की पैसे त्याच आठवड्यात मिळत असत. वेळेवर पैसे देणाऱ्याचे काम कोणीही आधी करते.

शेवटच्या हप्त्याचा एक लहान भाग मात्र घराने एक पावसाळा काढल्यानंतर द्यायचा, असे करारातच नमूद होते. गच्चीचा उतार बरोबर आहे की नाही, खिडक्यांच्या कडेने ओल येते की नाही, भिंतीवर कुठे तडा दिसतो की नाही, हे कोरड्या दिवसांत कोणालाही सांगता येत नाही. त्या रकमेबरोबरच आणखी एक गोष्ट कंत्राटदाराकडून लेखी मागून घ्यावी: भिंतीत आणि फरशीखाली प्रत्यक्षात टाकलेल्या तारा आणि पाइप यांचा सुधारित नकाशा. मंजूर नकाशा आणि झालेले काम यांत थोडाफार फरक राहतोच, आणि पहिला खिळा ठोकण्यापूर्वी घरात लागणारा कागद हा दुसरा असतो. गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी लावून, काढून ठेवले तर हा नकाशा तयार करायला वेगळा खर्चही येत नाही.